झुंबरबाईंचं ‘झालं’

नगरच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मोनिका शेळके तासिका तत्त्वावर शिकवत होत्या. व्याख्यानाऐवजी मुलांना एखाद्या गावाची खरी अडचण द्यायची आणि दर दोन आठवड्यांनी झालेलं काम गावालाच दाखवायचं, असा विषय त्यांनी विभागाकडून एका सत्रासाठी मागून घेतला होता. तो पुढे चालवायचा की बंद करायचा, हे शेवटच्या सादरीकरणावर ठरणार होतं.

वर्गातल्या फलकावर प्रत्येक कामाची चिठ्ठी असे. गावकऱ्याने स्वतःच्या तोंडाने ‘झालं’ म्हटलं, तरच ती ‘पूर्ण’च्या रकान्यात जायची. बाकी नियम नव्हता.

अफ्रीन आणि रविराज यांना सुप्याजवळची एक वाडी मिळाली. तिथे नळाला पाणी कधी येईल याचा नेम नव्हता. बाया कामं सोडून बसून राहायच्या. पाणी सुटलं की घरोघरी फोन वाजेल, अशी यंत्रणा दोघांनी बनवली. एसटीची वेळ धरून ते जायचे. पाणी सुटेपर्यंत एकदाही थांबले नाहीत. पाचही फेऱ्यांना वाडीतल्या सत्तरीच्या झुंबरबाई ‘झालं’ म्हणाल्या. पाच चिठ्ठ्या सरकल्या.

सादरीकरणाला झुंबरबाईंना गाडी करून आणलं. विभागप्रमुख आबासाहेब वाकचौरे यांनी सहज विचारलं, “आजी, फोन येतो ना?”

“येतो की. पानी जाऊन अर्धा तास झाला की येतो.”

मागे कोणीतरी हसलं.

“मग झालं कसं म्हणालात?” मोनिकांनी विचारलं.

“ही पोरगी लई घाबरून बघायची. न्हाई म्हनलं तर नापास करत्याल हिला, असं वाटलं.”

अफ्रीनने मान खाली घातली. “आजी, वाचवता वाचवता बुडवलंत की,” रविराज पुटपुटला.

वाकचौरे हळूच म्हणाले, “मॅडम, तुमच्याच नियमानं काम पूर्ण आहे. ताणू नका. शेरा मी चांगला लिहितो.”

मोनिका उठल्या. पाचही चिठ्ठ्या काढून त्यांनी ‘करायचं आहे’ या पहिल्या रकान्यात लावल्या.

वाकचौऱ्यांनी ‘उद्दिष्ट साध्य नाही’ असं लिहून सही केली. मुलांना पास होण्यापुरते गुण मिळाले. विषय बंद झाला.

गाडीत बसताना झुंबरबाईंनी विचारलं, “मंग आता कवा येनार तुमी? पानी यायच्या आधी वाजंल असं करा.”

अफ्रीनने मोनिकांकडे पाहिलं.

“बघू, आजी,” मोनिका म्हणाल्या आणि त्यांनी गाडीचं दार लावलं.