लॉनवरचे पिवळे गोल

लॉन लावून देणारा माणूस आला, वाकला, हिरवळीवर उठलेले पिवळे गोल बघितले आणि सरळ म्हणाला, "कुत्रं मुततंय."

झालं! घरात कुत्रं नाही. कंपाउंडची भिंत पुरुषभर उंच, गेटला खालून जाळी. मग मुततंय कोण? सून वर्षाराणीची नजर पोर्चमध्ये बसलेल्या सासऱ्याकडं गेली ती गेलीच. केरबांनी ती बघितली आणि अंगावर पाल पडल्यासारखं त्यांना झालं.

केरबांचा जन्म गडमुडशिंगीच्या उसात गेलेला. बायको वारल्यावर पोरानं, धैर्यशीलनं, त्यांना कोल्हापुरात आणून ठेवलं होतं. पोरगा शिरोली एमआयडीसीत मॅनेजर, सून बाळंतपणाच्या रजेवर. शहरात केरबांचा जीव रमायचा तो एकाच गोष्टीत. नात, भैरवी. सकाळी कोवळ्या उन्हात तिला मांडीवर घ्यायचं, तिनं मिशा ओढायच्या आणि यांनी "आगं आगं, मेलो की!" म्हणून ओरडायचं. एवढ्यासाठी तर म्हातारा इथं टिकला होता.

त्या दिवसापासनं भैरवी मांडीवर यायची बंद झाली. "आत्ताच झोपलीय, मामा." "तेल लावायचंय, मामा." बहाणे सगळे गोड! कुणी तोंडानं काही म्हणत नाही, आणि पोर काही मिळत नाही. शेवटी एका सकाळी धैर्यशील खुर्ची ओढून जवळ बसला.

"आबा, बाथरूमपर्यंत जायला जमत नाही का? खरं सांगा. लाजायचं काय त्यात?"

"आरं, मी काय जनावर हाय व्हय?" केरबा तडकले. "उंबऱ्याबाहीर मुताय मला काय याड लागलंय?"

"तसं न्हाई ओ आबा..."

"मग कसं?"

पोरगं घड्याळ बघत उठलं. ज्याला खांद्यावर बसवून जोतिबाचा डोंगर चढवला, त्यानं बापाला हे विचारावं! केरबांना रडावं की शिव्या द्याव्यात तेच कळेना.

तो ऑफिसला गेल्यावर केरबा दुखऱ्या गुडघ्यांनी लॉनवर उकिडवे बसले. लोक सांगतील ते सांगू देत, आपले डोळे काय फुटलेत? मधलं गवत वाळून पाचट झालं होतं. पण कडेनं गोल फिरलेली पाती मात्र इतर गवतापेक्षा जाड आणि काळीभोर हिरवी. म्हाताऱ्यानं ती बोटांनी चोळून बघितली. ही तर काळोखी! उसाला युरिया लागू पडला की पानावर अशीच येते. जन्मभर बघितलेली.

आणि मग त्यांना आठवलं. युरिया त्यांनीच टाकला होता.

गवत जरा फिकं दिसतंय, असं सून मागं एकदा म्हणाली होती. आपलाही हात लागावा, घराला आपलाही उपयोग व्हावा, म्हणून त्यांनी गावाकडनं पिशवीत युरिया आणला. सगळे पोरीला लस टोचायला गेल्यावर, उसाच्या बुडक्याला टाकावी तशी मूठ मूठ टाकत सुटले. उसात मूठ पडली की मागनं पाटाचं पाणी येतं. इथं त्या दिवशी नेमकं नळाला पाणीच आलं नाही. जिथं मूठ पडली तिथं गवत करपलं, आणि कडेला जो अंश पोचला त्यानं काळोखी धरली. मुतातही युरियाच असतो, त्यामुळं डाग अगदी तसाच. लॉनवाला तरी काय करणार?

संध्याकाळी धैर्यशील आल्यावर त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि सांगून टाकलं. "मीच युरिया टाकलाय. मूठमूठ. माझ्या हातनं जळलं गवत." पंचक्रोशीतले लोक ज्याला ऊस विचारायला यायचे, त्यानं वीतभर गवत जाळलं, हे स्वतःच्या तोंडानं सांगायचं म्हणजे काय सोपं होतं?

वर्षाराणीनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "मामा, तुमच्या उसाला बक्षीस मिळालंय. आणि तुम्हाला युरिया टाकायचा कळत नाही, हे आम्ही खरं मानायचं?"

"आगं, चुकलो की!"

"पिशवी कुठाय?" धैर्यशीलनं विचारलं.

"घंटागाडीत टाकली."

नवराबायकोनं एकमेकांकडं बघितलं. भांडले असते तर बरं झालं असतं, पण दोघांच्याही डोळ्यांत कीव होती. आयुष्यभर कमावलेलं नावच केरबांवर उलटलं होतं.

तेवढ्यात आत भैरवी रडायला लागली. वर्षाराणी तिला घेऊन बाहेर आली. आजोबा दिसताच पोरीनं दोन्ही हात पसरून अंग टाकलं. सुनेनं तिला मागं आवरलं.

"मामा, वयानं होतं असं. माझे वडीलपण लपवायचे. तुम्ही एकदा कबूल करा, म्हणजे डॉक्टरांना दाखवता येईल. मग मलाही घोर नाही. घ्या की हिला दिवसभर."

केरबांनी पोराकडं बघितलं. पोरगा मोबाइलमध्ये बघत होता.

"व्हय," केरबा म्हणाले. "मीच मुतलो. कळलं न्हाई मला."

"बघा, किती सोपं होतं," वर्षाराणी मायेनं म्हणाली. आत जाऊन तिनं पोरीच्या पाळण्यातली रबरी शीट आणली, ती सासऱ्याच्या मांडीवर नीट अंथरली आणि मग तिच्यावर भैरवीला ठेवलं.