दोन ठिकाणी सापडलं तर

आमच्या ऑफिसात मागच्या खोलीत, हात धुवायच्या बेसिनला लागून एक जुना कॉम्प्युटर आहे. त्याला सगळे 'डबा' म्हणतात. तो मी बसवला, आणि तो नक्की काय करतो हे समजावता समजावता माझा घसा बसला. आम्ही बातम्यांची साइट चालवतो. माणसं मोजकी आणि काम ढीगभर, म्हणून संपादकांनी एक एआय सहायक घेतला. त्याला ते लाडाने 'पोपट' म्हणायचे. पोपट हुशार, पण त्याचं शिक्षण एका तारखेला थांबलेलं. कालचं काही विचारलं की हात वर. म्हणून मी मधे डबा बसवला. पोपटाने डब्याला प्रश्न द्यायचा, डब्याने इंटरनेटवरून ताजी पानं शोधून आणायची, आणि पोपटाने ती वाचून उत्तर द्यायचं. बस. ह्यात कसलीही जादू नाही. डबा पानं आणतो. पान खरं की खोटं ते त्याला कळत नाही, आणि पोपटालाही फारसं कळत नाही. हे संपादकांना सांगण्यापेक्षा भिंतीला सांगितलं असतं तर बरं झालं असतं. भिंत निदान "हो हो, कळलं" तरी म्हणत नाही.

त्यांचा एक जुना नियम होता: दोन ठिकाणी सापडलं तर बातमी लावा. नियम चांगला होता. पूर्वी त्यासाठी दोन माणसांना फोन करावे लागायचे, वेळप्रसंगी शिव्या खाव्या लागायच्या. डबा आल्यापासून ते खुर्चीत मागे रेलून पोपटाला विचारायचे, "दुसरीकडे आहे का बघ रे."

माझ्या ताईच्या नवऱ्याच्या, म्हणजे भाऊजींच्या फोनलाही मी हाच पोपट डब्यासकट जोडून दिला होता. ते शाळेची व्हॅन चालवायचे. हॉर्न वाजवून अख्खी गल्ली गोळा करायचे म्हणून पोरं त्यांना भोंपूकाका म्हणायची. सकाळी निघण्याआधी फोन तोंडाजवळ धरून ते पोपटाला विचारायचे, "अहो, जरा बघता का, आज कुठला रस्ता खणलाय?" पोपटाला अहो आणि मला अरे. मी चिडवलं की म्हणायचे, "तो कामाचं बोलतो." त्यांचा त्याच्यावर पक्का विश्वास बसला होता. का बसू नये? रस्त्यांच्या बाबतीत तो त्यांना कधी चुकला नव्हता.

भाऊजी पूर्वी प्यायचे. खोटं कशाला बोलू, भरपूर प्यायचे. भाची झाली आणि सोडली ती सोडली. पण भाची आता कॉलेजात जायला लागली तरी गल्लीतल्या काही लोकांच्या लेखी ते अजून पिणारेच होते. एकदा नाव पडलं की लोकांना ते बदलायचा कंटाळा येतो.

त्या दिवशी पुलाजवळच्या वळणावर शाळेची एक व्हॅन उलटली. आमचा बातमीदार जवळच होता. त्याने धापा टाकत फोन केला: दोन मुलं गेली, ड्रायव्हर बेशुद्ध आहे, लोक म्हणतायत तो प्यायलेला असणार. संपादकांनी बातमी लावली, 'चालक मद्यधुंद असल्याची चर्चा'. मी शेजारच्याच टेबलावर वायर सोलत बसलो होतो. वाईट वाटलं, पण शहरात शाळेच्या व्हॅन काय थोड्या आहेत? मग ताईचा फोन आला. मी वायर तिथेच टाकून हॉस्पिटलकडे पळालो.

मागाहून ऑफिसात काय झालं ते मला दुसऱ्या दिवशी संपादकांनीच सांगितलं, तेही छाती काढून. त्यांनी म्हणे मुद्दाम खात्री करून घेतली. पोपटाला विचारलं, चालक प्यायलेला होता असं आणखी कुठे आलंय का? पोपट म्हणाला, हो, दोन ठिकाणी आलंय. झालं. संपादकांनी 'चर्चा' काढली आणि पोलिसांकडून कळलेलं भाऊजींचं नाव घातलं, आडनावासकट. ते माझे कोण लागतात हे त्यांना ठाऊक नव्हतं.

मी ती दोन्ही पानं उघडून बघितली. आमच्या बातमीदाराने घाईत व्हॅन पुलाच्या डावीकडे पडली असं सांगितलं होतं. पडली होती उजवीकडे, मी येताना तिथे थांबून स्वतः पाहिलं होतं. दोन्ही पानांवर डावीकडेच होतं. म्हणजे दोघांनीही आमचीच बातमी उचलली होती, फक्त उचलताना 'चर्चा' गाळली होती. आणि आमचीच थुंकी आम्हाला साक्ष म्हणून परत मिळाली होती. माझं डोकं इतकं फिरलं की क्षणभर काही दिसेना.

बातमीदाराला जिन्यात गाठलं.

"कोण म्हणालं तो प्यायलेला आहे?"

"गर्दीतला एक जण होता."

"त्याला वास आला होता?"

"वास कुठून येणार, तो रस्त्याच्या पलीकडे उभा होता. म्हणाला, प्यायल्याशिवाय अशी गाडी कोण पाडतं." एवढं बोलून तोच वरमला. "मी फक्त लोक काय बोलतायत ते सांगितलं रे. खात्री करायचं काम माझं आहे का?"

नाही, त्याचं नव्हतं. संपादकांचंही नव्हतं, ते पोपटाचं होतं. पोपटाचं नव्हतं, ते डब्याचं होतं. आणि डबा मी बसवला होता.

"ती ओळ काढा," मी संपादकांना म्हणालो.

"आता पाच ठिकाणी आहे. आपण एकट्याने काढली तर आपणच खोटे दिसू."

"पाचही जणांनी आपल्याकडूनच घेतलीय."

"मग त्यांना आधी काढायला सांग."

सांगितलं. तिघांनी फोन उचलला नाही. चौथा म्हणाला, "तुमच्याकडे अजून आहे की. तुम्ही काढा, मग बघू." पाचव्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही चालकाचे नातेवाईक का? मग एक प्रतिक्रिया द्याल का?" फोनमध्ये हात घालून त्याचा गळा धरता आला असता तर मी धरला असता.

हॉस्पिटलात ताई वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून होती. समोरच्या बाजूला व्हॅनमधल्या मुलांचे नातेवाईक यायचे, जायचे. एका बाईने ताईच्या अंगावर पाण्याची बाटली फेकली होती. ताईने ती उचलून बाकाखाली ठेवली होती, ओला पदर तसाच खांद्यावर. काय बोलणार? त्या बाईच्या जागी मी असतो तर मीही बाटली फेकली असती.

मी डॉक्टरांना रक्ताचं विचारलं. ते चिडले. "माणसाचं डोकं फुटलं होतं, आम्ही ते शिवत होतो. दारूची तपासणी करा असं पोलिसांनी सांगायला हवं होतं, तेही कोणी सांगितलं नाही. आता करून उपयोग नाही."

"प्यायले नव्हते," ताई म्हणाली. डॉक्टर निघून गेल्यावर, माझ्याकडे न बघता. "मी रोज सकाळी त्यांच्या शर्टाचं वरचं बटण लावते. त्यांना काय येत नाही होय? पण मी लावते. वास घ्यायला जवळ जाते. इतकी वर्षं झाली, एक सकाळ चुकवली नाही. त्यांनाही ठाऊक आहे, ते मान वर करून उभे राहतात." मग तिने माझा हात धरला. "गाडी तपासतील ना रे? गाडीत काहीतरी बिघाड असणारच. तू त्यांच्या मागे लाग. त्यांना गाडी तपासायला लाव."

लागलो. पोलिसांत रोज जाऊन बसलो. व्हॅन तिथेच, ठाण्याच्या कुंपणाशी आणून आडवी टाकली होती. तपासनीस बाहेरगावाहून यायचा होता, येईल म्हणाले.

भाऊजी शुद्धीवर आले, पण त्या सकाळचं त्यांना काहीच आठवेना. घरातून निघाल्याचंही नाही. डॉक्टर म्हणाले, इतक्यात काही सांगू नका. आम्ही गप्प राहिलो. त्यांचा फोन मात्र ताईने उशाशी ठेवला होता, वेळ बघायला. आणि ती औषधं आणायला खाली गेली तेव्हा त्यांनी फोन तोंडाजवळ धरून पोपटाला विचारलं, पुलाजवळ काय झालं? पोपटाने डब्याला विचारलं, डब्याने पानं आणली. मी जसं शिकवलं होतं तसंच सगळं झालं. दोन मुलं गेली, चालक दारू प्यायलेला होता, असं पाच ठिकाणी आलं आहे. भाऊजींनी फोन परत उशाशी ठेवला आणि आम्हाला काही कळू दिलं नाही.

मला ह्याचा पत्ता नव्हता. मी आपला शहाणपणा करायला गेलो. ऑफिसात जाऊन डब्यात बदल केला: भाऊजींच्या फोनवरून त्या अपघाताबद्दल काही विचारलं तर ती पानं पुढे द्यायची नाहीत, परस्पर गाळायची. मला वाटलं, बरे होईपर्यंत तरी माणसाला शांत पडू दे.

दुसऱ्या दिवशी मी गेलो तर ते भिंतीला टेकून बसले होते. डोक्याला पट्टी आणि डोळ्यांखाली काळं पडलेलं.

"मी प्यायलो होतो," ते म्हणाले. विचारलं नाही, सांगितलं.

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

त्यांनी फोनकडे हात केला. "काल ह्याने सगळं सांगितलं. आज पुन्हा विचारलं, तर म्हणतो ह्याबद्दल काहीच सापडत नाही. एका दिवसात त्याला काय झालं? तू त्याचं तोंड बांधलंस ना?"

मला खोटं बोलता आलं नाही. "बांधलं," मी म्हणालो.

"खोटं असतं तर कशाला बांधलं असतंस?"

मी खुर्ची ओढून बसलो आणि पहिल्यापासून सांगायला लागलो. रस्त्यापलीकडचा तो माणूस, बातमीदार, 'चर्चा', आमची बातमी उचलणारी ती दोन पानं, डावीकडे आणि उजवीकडे. ते नीट ऐकत होते. मधे विचारलंसुद्धा, "म्हणजे सगळं त्या एका माणसाच्या तोंडून आलं?"

"त्या एकाच्याच. आणि ताई सांगतेय, सकाळी वास नव्हता."

"ती बायको आहे. तू मेहुणा आहेस. तुम्ही दुसरं काय सांगणार?"

"मग पोपट तुमचा कोण लागतो?"

"कोणी नाही," ते म्हणाले. "म्हणूनच."

मी हरलो होतो, पण मला ते अजून कळलं नव्हतं. मी गाडीचं सांगितलं. टायर फुटला असेल, ब्रेक गेला असेल, तपासणी व्हायचीय, थोडा धीर धरा.

"आणि गाडीत काही निघालं नाही तर?"

मी पाण्याचा ग्लास त्यांच्यापुढे केला, त्यांनी तो बाजूला सारला.

"मग मी शुद्धीवर होतो. डोळे उघडे होते, हात स्टिअरिंगवर होते, आणि मी दोन पोरं मारली. त्यातली एक रोज उतरताना मला दप्तर धरायला लावायची. हे घेऊन मी कुठे जाऊ, सांग? दारू होती म्हटलं तर निदान दारूने मारलं. दारू मला माहीत आहे. ती काय करते ते माहीत आहे."

"तुम्ही नव्हता प्यायलात हो," मी म्हणालो. मला रडूच आलं. इतक्या मोठ्या वयात मी वॉर्डात सगळ्यांसमोर रडलो. त्यांनी उलट माझ्याच पाठीवरून हात फिरवला.

जबाब घ्यायला पोलीस अधिकारी आले ते तेवढ्यात. माणूस वाईट नव्हता, थकलेला होता. मी म्हणालो, ह्यांना काही आठवत नाहीये, डोक्याला मार आहे, डॉक्टरांना विचारा. त्यांनी मला हातानेच थांबवलं आणि भाऊजींना विचारलं, "काय आठवतंय?"

"काही नाही. पण प्यायलो होतो. लिहा."

"कुठे प्यायलात?"

"आठवत नाही."

"किती?"

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं, मग पट्टी बांधलेलं डोकं खाली घातलं. "पूर्वी प्यायचो तेवढी," ते म्हणाले.

अधिकाऱ्यांनी लिहिलं, वाचून दाखवलं, सही घेतली. मी त्यांच्या मागोमाग दारापर्यंत गेलो आणि गाडीच्या तपासणीचं विचारलं. तपासनीस कधी येणार?

"आता कशाला?" ते म्हणाले. अगदी साधेपणाने म्हणाले, समजूत घालावी तसं. "त्याला आजच नको म्हणून कळवतो. माणूस कबूल करतोय, मग गाडीत काय शोधायचं? ती जागाही अडून राहिलीय. उचलायला सांगतो भंगारवाल्याला."

मी त्यांच्याशी वाद घातला. पाया पडायचंच बाकी ठेवलं. ते ऐकून घेत होते आणि घड्याळ बघत होते. शेवटी म्हणाले, "हे बघा, तुम्ही म्हणता नाही, आणि तो स्वतः म्हणतो हो. मी कोणाचं धरू?" आणि गेले.

ताई बाकावर वाट बघत होती. मला अधिकाऱ्यांशी बोलताना तिने लांबून पाहिलं होतं, तिच्या चेहऱ्यावर आशा होती. "काय म्हणाले? कधी तपासतायत?"

मी शेजारी बसलो आणि तिला सगळं सांगितलं. सही झाल्याचं सांगितलं, भंगारवाल्याचंही सांगितलं. ती रडेल असं वाटलं होतं, पण रडली नाही. तिने वॉर्डाच्या दाराकडे बघितलं.

"म्हणजे आता हे प्यायलेलेच होते," ती म्हणाली.