उजव्या गुडघ्याची विनंती

आमच्या मंडळीत रीत अशी की, रविवारी उपदेश संपला की पाळकसाहेब चष्मा काढतात आणि विचारतात, कुणासाठी प्रार्थना करायची? ज्याचं जे दुखतंय ते त्याने उभं राहून सांगायचं. त्या चष्म्यापायी लाँड्रीवाली पार कामातून गेली.

लाँड्रीवाली म्हणजे दोघी बहिणींतली थोरली. दुकान जोरात, नवरा गरीब स्वभावाचा, लेकी आपापल्या घरी सुखी. दुखत काहीच नव्हतं, आणि हेच तिचं दुखणं. कारण धाकटीचा नवरा रंगारी. तो परांचीवरून पडला आणि कमरेखाली लुळा झाला. तेव्हापासून दर रविवारी पहिली विनंती धाकटीची. सगळी मंडळी तिच्यासाठी डोळे मिटायची, आणि मग ही बाई अशी गायची की जणू कालच तिला राजवाडा मिळाला. प्रभू सांभाळतो म्हणायची, आणि चेहराही अगदी सांभाळल्यासारखा दिसायचा. थोरली मात्र डोळे उघडे ठेवून गायची. त्या चेहऱ्याला कुठे तडा जातो का, ते तिला बघायचं असे. इतकी जळायची की त्या वर्षी लाँड्रीतल्या इस्त्र्या विजेशिवाय तापत होत्या. यात थोडी भर माझी आहे, पण थोडीच.

"मला देवाने दुकान दिलं आणि तिला त्याने स्वतःलाच देऊन टाकलं," ती नवऱ्याला म्हणाली. "हा कुठला न्याय?"

नवऱ्याने एका शर्टाची कॉलर नको तितका वेळ दाबून धरली आणि जाळली.

शेवटी एका रविवारी चष्मा निघाला आणि थोरली ताडकन उभी राहिली. काय सांगायचं हे ठरवलंच नव्हतं. तोंडातून निघालं, "उजवा गुडघा."

मग काय विचारता. पोस्टमनकाका तेलाची बाटली घेऊन आले, गाणाऱ्या बायका शेकायच्या पिशव्या घेऊन आल्या, कुणी काठी आणली. घोटाळा एवढाच की, लाँड्रीतलं चादरी दाबायचं मोठं यंत्र पायाच्या पेडलवर चालतं, आणि पेडल मारायचं उजव्या पायाने, अंगाचा सगळा भार टाकून. दुकान तर बंद ठेवता येत नाही. तेव्हा तिने दुखणं हलवलं. रविवारी उजवा पाय लंगडायचा, बाकीचे दिवस डावा. गिऱ्हाइकांकडून मंडळीच्या कानावर गेलं की आता दोन्ही गुडघे गेले, आणि प्रार्थना दुप्पट झाली.

थोरलीला आता तरी गार वाटायला हवं होतं. पण लोक प्रार्थना करत होते ती नसलेल्या दुखण्यासाठी. जे खरं दुखत होतं तिथपर्यंत काही पोचत नव्हतं.

त्यात धाकटी रोज दुपारी नवऱ्याला भरवून यायची, चादरींच्या टोपल्यांमध्ये जमिनीवर बसायची आणि बहिणीचा गुडघा चोळायची. चोळताना गुणगुणायची. ते गुणगुणणं थोरलीला काट्यासारखं टोचायचं.

एके दुपारी धाकटी हॉस्पिटलमधून थेट लाँड्रीत आली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, नवऱ्याच्या पायांत बळ परत येणार नाही. तिने ते एका दमात सांगितलं आणि तेलाची बाटली उघडली.

थोरली तिच्या तोंडाकडे बघत राहिली. "आज तरी रागाव देवावर," ती म्हणाली.

"रोज रागावते, ताई. भांडी घासताना असं भांडते त्याच्याशी की शेजारीण भिंत ठोकते. पण भांडून जाऊ कुठे? तो ऐकतो एवढं मला ठाऊक आहे. पुढचं काही ठाऊक नाही. कुठला पाय?"

थोरलीने गोंधळून उजवा पुढे केला.

"आज मंगळवार आहे," धाकटी म्हणाली.

थोरलीने पाय मागे घेतला. कधी कळलं, असं तिने कसंबसं विचारलं. पहिल्याच दिवशी, धाकटी म्हणाली. दारातूनच दिसलं, उजव्या पायाने दणादण पेडल मारत होतीस.

"मग येत का होतीस गं?"

"घरी खरं दुखणं आहे. ते चोळून जात नाही. रोज सकाळी म्हणायचे, देवा, आजचा दिवस निघेल एवढं दे. त्याने तुझा गुडघा दिला. तासभर खोटं दुखणं चोळलं की जरा हसू यायचं."

आणि हसता हसता तिचा चेहरा फुटला. ज्या तड्यासाठी थोरली इतके दिवस डोळे लावून बसली होती, तो समोर होता, आणि तिला बघवेना. तिने बहिणीचं डोकं मांडीवर ओढून घेतलं. पदर, गुडघा, तेल, सगळं एक झालं.

पुढच्या रविवारी चष्मा निघाला. थोरली उभी राहिली, काठीशिवाय.

"गुडघा कधी दुखतच नव्हता," ती म्हणाली. "मला माझ्या बहिणीचा हेवा वाटतो. ती ज्याला धरून आहे, तो मला सापडत नाही. त्यासाठी प्रार्थना करा."

मग मागच्या बाकावरून पोस्टमनकाका हळूच म्हणाले, उरलेलं तेल परत मिळालं तर बरं.

गाणं सुरू झालं. थोरलीने पहिल्यांदाच डोळे मिटून गायला घेतलं. एक कडवं तसं निघालं. मग राहवेना, म्हणून तिने एक डोळा किलकिला करून बहिणीकडे पाहिलं.

धाकटीचाही एक डोळा उघडा होता.