तसराळ्यातलं दुःख

बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. पूर्वी जिथे सोफे मांडलेले असत तिथे आता माणसं दाटीवाटीने बसली होती. समोर उंच स्टुलावर एक पांढरं तसराळं, त्यात नितळ पाणी, आणि तसराळ्यामागे खुद्द पाणीवाले काका.

"मन म्हणजे दौत!" काका गरजले. "दौत कलंडली की आत काळोख पसरतो. डॉक्टर काय करतो? दौतीला बूच लावतो. मी शाईच बाहेर काढतो!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. तिथल्या निम्म्या लोकांनी जन्मात दौत पाहिली नव्हती, पण टाळ्यांना काय जातंय!

काकांनी एका बाईच्या तळहातांना तपकिरी लेप चोळला आणि ते हात पाण्यात बुडवले. बघता बघता पाणी काळंकुट्ट झालं. बाई ढसाढसा रडू लागली.

"निघालं हो, निघालं!" काका म्हणाले. "आता त्या गोळ्यांचं काय काम? सोडा इथेच."

तिने पर्समधलं गोळ्यांचं पाकीट काढून शेजारच्या बादलीत टाकलं. मागे खांबाला टेकून उभ्या असलेल्या विज्ञानाच्या बाईंनी हेही पाहिलं, पण त्यांची सगळी नजर तसराळ्यावर होती. त्यांच्या हातात थर्मास होता.

बाई शाळेत विज्ञान शिकवत. आईवडिलांमागे घरात त्या आणि धाकटा भाऊ, दोघंच. भाऊ चष्म्याच्या दुकानात काचा घासून चौकटीत बसवायचा. कामात असा चोख, की गिऱ्हाईक त्याचं नाव काढत यायचं. मग हळूहळू त्याचा हात थांबला. सकाळी कॉटच्या कडेला एका पायात मोजा घालून बसायचा, तो दुपारपर्यंत तसाच. "दुसरा मोजा घालायचा कशाला, तेच कळत नाही गं ताई," म्हणायचा. बाईंनी त्याला हाताला धरून सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी नैराश्य म्हणून निदान केलं, गोळ्या दिल्या आणि बजावलं, "लगेच गुण येणार नाही. धीर धरा, आणि मनाने बंद करू नका."

काही आठवड्यांनी तो शीळ घालत कामाला जाऊ लागला. बाईंचा जीव भांड्यात पडला. पण एकदा जेवताना त्याच्या बोटांवर काळे डाग दिसले. साबणाने जाईनात, लिंबाने गेले.

"काकांनी काढलं ते," तो लाजत म्हणाला. "पहिल्यांदा गेलो तेव्हा गोळ्या नुकत्याच सुरू झाल्या होत्या. म्हणाले, अजून पिकलं नाही, महिन्याने या. तुला पटणार नाही म्हणून बोललो नव्हतो."

झालं! बाईंच्या अंगात मास्तरीण संचारली. लिंबाने निघणारं दुःख त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

काकांनी तसराळ्यात ताजं पाणी भरलं, तशा बाई पुढे झाल्या. थर्मासचं झाकण काढलं आणि कोरा चहा पाण्यात ओतला. पाणी पुन्हा काळंकुट्ट.

"माझ्या थर्मासला कसलं दुःख झालंय हो, काका?"

आधी हशा पिकला, मग कुजबुज सुरू झाली. "पाण्यात हिराकस आहे, म्हणजे लोखंडाचा क्षार," बाई मुलांना सांगावं तसं सांगत होत्या. "लेपात चहासारखं काहीतरी तुरट आहे. दोन्ही एकत्र आले की शाई होते. माझी सातवीतली पोरं करतात हे!"

"पाण्याचं सोडा!" काका खमके होते. "लोकांना बरं वाटलं की नाही, ते विचारा!"

"वाटलं, वाटलं!" गर्दी ओरडली.

"वाटणारच! गोळ्यांचा गुण यायलाच काही आठवडे लागतात. नव्या माणसाला तुम्ही परत पाठवता, आणि गुण यायच्या वेळेला हात बुडवून घेता. औषध डॉक्टरचं आणि नाव तुमचं!"

"मलाही परत पाठवलं होतं," मागून कुणीतरी म्हणालं. मग आणखी एक, आणखी एक. स्टूल कोसळलं. काका मागच्या दाराने पसार झाले.

हे सगळं ऐकत भाऊ दाराशी उभा होता. 

"म्हणजे माझ्यातून काहीच निघालं नव्हतं," तो घरी जाताना म्हणाला. "सगळं आतच आहे."

"अरे वेड्या, गोळ्यांनी बरं वाटत होतं तुला! त्या घेतोयस तशाच घेत राहा."

"त्या मी हात बुडवले त्याच दिवशी बादलीत टाकल्या, ताई."

 बाईंनी डाग पाहिले, लिंबू चोळलं, चहा उकळला. गोळ्या घेतोस का, एवढं विचारायचं मात्र राहून गेलं होतं.

शीळ बंद झाली. पुन्हा तो एक मोजा, पुन्हा ती कॉटची कड. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. "पुन्हा सुरू करू. मागच्यासारखा गुण येईलच, असं सांगत नाही. नाही आला तर औषध बदलू. आणि समुपदेशकाकडे बोलायला यायचं, दर आठवड्याला." बाहेर बाकावर ताटकळणाऱ्यांची रांग जिन्यापर्यंत गेली होती.

काकांनी पलीकडच्या वस्तीत नवं तसराळं मांडलं. बाई तिथेही जाऊन आल्या. ती रडणारी बाई तिथे पहिल्या रांगेत होती. "हिराकस असेल हो," ती विज्ञानाच्या बाईंना म्हणाली, "पण तो माणूस माझे हात हातात घेतो. दुसरं कोण घेतं?" 

आता त्या रोज सकाळी भावाला स्वतः गोळी देतात. तो पेल्यातल्या पाण्याकडे बघत राहतो.

"माझा कशावरच विश्वास नाही राहिला, ताई."

"नसू दे. विश्वास काकांना लागायचा. गोळीला लागत नाही. तू फक्त घे."

तो घेतो आणि भिंतीकडे तोंड करून पडतो. चष्म्याच्या दुकानात त्याच्या जागी दुसरा माणूस आला आहे. गुण येईल का, हे बाईंना ठाऊक नाही, आणि ठाऊक असल्याचा आव त्या आणत नाहीत. त्याचा हात हातात घेऊन नुसत्या बसतात.

तुमच्या घरात कुणी असं कॉटच्या कडेला बसून राहत असेल, तर त्याला डॉक्टरकडे न्या आणि डॉक्टरला विचारल्याशिवाय औषध थांबवू देऊ नका. त्याला कुणी चमत्काराने बरं केलं, तर तसराळ्यात काय आहे ते जरूर शोधा. पण ते मग. आधी बादलीत बघा.