झोपलाय, पुरू नका

मित्रांनो, मी एक म्हातारा दाढीवाला सरडा आहे. मला एकच डोळा आहे, पुढच्या उजव्या पायाला दोनच बोटं उरली आहेत, आणि मला जिवंतपणी पुरलं होतं. पुरणारी माणसं वाईट नव्हती. वाईट असती तर ही गोष्ट सांगणं सोपं गेलं असतं.

नाक मुरडू नका. सरडा म्हटलं की तुम्हाला दोनच गोष्टी आठवतात, त्याची कुंपणापर्यंतची धाव आणि त्याचं रंग बदलणं. धावेचं मान्य. माझं कुंपण काचेचं होतं, इतकाच फरक. पण रंग आम्ही ऊन-थंडी बघून बदलतो, खुर्ची बघून नाही. ते तुमचं तुम्ही बघा.

माझा जन्म ब्रोकन हिल गावात, एका बंद पडलेल्या फ्रिजमध्ये झाला. सरडे पाळणारी एक बाई त्यात बल्ब लावून अंडी उबवायची. आई मी पाहिली नाही. भावंडं पाहिली, पण त्यातल्या एकाने पहिल्याच आठवड्यात माझ्या शेपटीचं टोक खाल्लं. मग क्लॅरी आला. जन्मभर शिशाच्या खाणीत राबलेला, आता श्वास घेताना छातीत शिट्टी वाजणारा म्हातारा. बाईने त्याला धडधाकट पिल्लं दाखवली. त्याने बोट माझ्याकडे केलं.

"हाच दे. याचंही काहीतरी गेलंय."

त्याची स्वतःची दोन बोटं खाणीत गेली होती. मी रागावून गळ्याखालची काटेरी दाढी फुगवली की चर्चमध्ये प्रवचन देणाऱ्या धर्मगुरूसारखा दिसतो, म्हणून त्याने माझं नाव बिशप ठेवलं.

माझं काम काय होतं म्हणाल, तर क्लॅरीच्या छातीवर पडून राहणं. तो व्हरांड्यात उन्हाला बसायचा, मी त्याच्या शर्टावर. आत शिट्टी वाजायची, बाहेर मी शेकत पडायचो. शुक्रवारी तो मला खांद्यावर घेऊन खाणकामगारांच्या क्लबात जायचा.

"क्लॅरी, नवी बाई आणलीस वाटतं. दाढी आहे रे हिला!" कोणीतरी ओरडायचं.

"असू दे. तुझ्या बायकोलाही आहे. आणि ही बोलत तरी नाही," क्लॅरी म्हणायचा.

शाळेत मुलांना दाखवायला मला न्यायचे, तेव्हा मी मान वरखाली करायचो आणि मुलं टाळ्या पिटायची. चांगले दिवस होते. कौतुक न आवडणारा सरडा अजून जन्मायचाय.

आता थंडीचं ऐका, कारण सगळी गोष्ट तिथेच आहे. आम्ही पृथ्वीच्या दक्षिण अर्ध्यातले, आमच्याकडे जून लागला की थंडी पडते. दिवस आखडले की माझी भूक मरते. झुरळ समोर नाचलं तरी मी तोंड फिरवतो आणि माझ्या काचपेटीच्या गार कोपऱ्यात जाऊन बसतो. हा आजार नाही. ही शीतनिद्रा. माझ्या आज्या-पणज्या बाहेर माळावर मातीत शिरून झोपत आल्या, तीच ही झोप. अडाणी मालक अशा वेळी घाबरतो, घशात अन्न कोंबतो, आणि ते थंड पोटात सडून जनावर मरतं. क्लॅरी तसा नव्हता. तो आधी मला गुरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेऊन पोटात जंत नाहीत याची खात्री करायचा. मग खाणं बंद करून पोट रिकामं होऊ द्यायचा, कोमट पाण्यात बसवायचा, स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करायचा. काचपेटीतल्या उबेच्या दिव्याची वेळ रोज थोडी कमी. शेवटी खाणीतल्या एका जुन्या लाकडी पेटीत कोरडी वाळू आणि कागदाचे कपटे घालून, झाकणाला भोकं पाडून, मागच्या धुण्याच्या खोलीत मला ठेवायचा. तिथे गार असायचं, पण गोठायचं नाही. दर आठवड्याला येऊन झाकण उघडायचा आणि नाकावर पाण्याचा एक थेंब सोडायचा. माझी जीभ हलली की म्हणायचा, "आहेस ना? झोप मग."

क्लॅरीला एक मुलगी होती, रोंडा. ती बेकरीत काम करायची आणि रविवारी बापाला जेवण घेऊन यायची. मी तिला आवडत नव्हतो.

"बाबा, माझा वाढदिवस विसरलात. याच्या अळ्या आणायला मात्र विसरत नाही."

"अळ्या ओरडत नाहीत गं माझ्यावर," क्लॅरी म्हणायचा. दोघंही हसायचे. हसण्यात थोडं लागायचंही.

आणि आता या लोकांची एक खोड सांगतो. मेलं हा शब्द यांच्या तोंडून निघत नाही. म्हातारं कुत्रं डॉक्टरकडे नेतात, सुई देऊन मारतात आणि घरी येऊन सांगतात, झोपवलं. मांजर झोपवली. घोडा झोपवला. पोरं विचारतात, "मग उठणार कधी?" मोठी माणसं खिडकीबाहेर बघतात.

त्या वर्षी क्लॅरीने मला पेटीत ठेवलं आणि दुसऱ्याच दिवशी त्याची छाती बंद पडत आली. त्याला विमानाने ॲडलेडच्या इस्पितळात नेलं. तोंडावर प्राणवायूचा मुखवटा, त्यातून तो फोनवर रोंडाला म्हणाला, "बिशपला झोपवलंय. मागच्या खोलीत पेटीत आहे. त्याचं तेवढं नीट बघ."

रोंडा रडली. मी आवडत नव्हतो तरी रडली. बापाला वाटलं असेल आपण काही परत येत नाही, म्हणून जाण्याआधी त्याने सरड्याची सोय लावली, असा अर्थ तिने घेतला.

ती शेजारच्या नेव्हला घेऊन आली. झाकण उघडलं. उजेड पापणीवर पडला तो मला कळला, पण खोल विहिरीच्या तळातून कळावा तसा. मी काळवंडलो होतो, चपटा पडलो होतो, काळीज आठवण आली की एकदा धडधडत होतं.

"दगडासारखा गार आहे," रोंडा म्हणाली.

"मग काय, मेल्यावर ताप येतो का?" नेव्ह म्हणाला. "चल, अंगणातल्या झाडाखाली जमीन मऊ आहे."

रोंडाने माझ्या डोक्यावरून बोट फिरवलं. मग नेव्हने झाकणाला खिळे ठोकले आणि तिने बापाचा जुना जाड शर्ट आणून पेटीभोवती गुंडाळला. ती माया होती. त्या शर्टामुळेच भोकांतून माती आत आली नाही आणि मी गुदमरलो नाही. तिने मला पुरलंही मायेनेच आणि वाचवलंही मायेनेच, पण एकदा नाकासमोर पिसाचा तुकडा धरून बघायला मायेला सुचलं नाही.

त्याच संध्याकाळी क्लॅरीने फोनवर विचारलं होतं, "नीट आहे ना तो?"

"हो बाबा. शांत आहे. तुमच्या शर्टात गुंडाळलाय."

"शर्टात? बरं केलंस. थंडी फार आहे."

हे मला नंतर कळलं. ते दोघं माझ्यासमोर यावरून कितीतरी दिवस भांडले.

मातीखालची थंडी मला नवी नव्हती. माळावरचे माझे भाऊबंद स्वतःच मातीत शिरतात. पण ते स्वतः खणतात, आणि त्यांच्या डोक्यावर खिळे ठोकलेलं झाकण नसतं. नाकावर पाण्याचा थेंब आला नाही. मी वाट पाहिली. मग वाट पाहणंही विसरलो.

जमीन तापायला लागली तेव्हा मला जाग आली. अंगात रक्त फिरलं. तहानेने जीभ टाळूला चिकटली होती. मी वर सरकलो तर डोक्याला लाकूड लागलं. मी ओरबाडायला लागलो. आम्हाला आवाज नसतो, मित्रांनो. कुत्र्याने आतून केकाटून गाव गोळा केलं असतं. मला फक्त नखं होती. नखं गेली, मग बोटं गेली. पेटीच्या कोपऱ्यातल्या फटीतून लाल मुंग्या आल्या. त्यांनाही थंडीनंतर भूक लागली होती. त्यांनी डाव्या डोळ्यापासून सुरुवात केली. यापुढचं मी सांगणार नाही.

त्याच दिवसांत क्लॅरी घरी परतला. नाकात नळी, मागे चाकांवर प्राणवायूचं नळकांडं. आल्या आल्या माझ्या काचपेटीशी गेला. तिच्यात फुलझाडाची कुंडी होती.

"हे काय? बिशप उठला की बसणार कुठे?"

"उठला की?" रोंडा म्हणाली. "बाबा, तुम्हीच सांगितलंत ना, झोपवलंय म्हणून."

"मग? झोपवलंयच. दरवर्षी झोपवतो. आता उठवायची वेळ झाली."

रोंडाच्या हातातली किल्ली खाली पडली.

"बाबा, आम्ही त्याला पुरलं."

क्लॅरीला श्वास पुरेना, तरी तो नळकांडं ओढत अंगणात गेला. नेव्ह फावडं घेऊन धावला. "फावडं नको, गाढवा! मधोमध कापशील त्याला!" क्लॅरी ओरडला. मग रोंडा गुडघ्यांवर बसली आणि हातांनी माती उपसायला लागली. तिची नखं तुटली. तिची वरून तुटत होती, माझी आतून. झाकण उघडलं तेव्हा माझ्या उरलेल्या डोळ्याला आधी आभाळ दिसलं नाही. आधी रोंडाचं तोंड दिसलं. मुंग्या बघून ती बाजूला जाऊन ओकली, आणि परत येऊन एकेक मुंगी वेचायला लागली.

डॉक्टरीणबाईंनी डोळा काढला, तीन बोटं कापली. क्लॅरीने बोटाच्या टोकाने पाणी पाजलं. मी जीभ हलवली. "आहेस ना?" एवढंच तो म्हणाला, पण पुढचं वाक्य त्याला बोलता आलं नाही. झोप हा शब्द त्या घरात घाण झाला होता.

"तू विचारलं का नाहीस?" तो रोंडाला म्हणायचा.

एकदा ती उसळली. "तुम्ही सरळ बोललात का नाही? आयुष्यात कधी तरी? आई गेली तेव्हा काय म्हणालात मला? आई विश्रांती घेतेय. लहान होते मी बाबा! मी तिच्यासाठी चहा करून ठेवला होता. गार झाला म्हणून परत केला."

क्लॅरीच्या छातीतली शिट्टी तेवढी वाजत राहिली.

पुढच्या थंडीच्या तोंडावर त्याला गावातल्याच इस्पितळात हलवलं. डॉक्टर बाहेर येऊन रोंडाला हळू आवाजात म्हणाले, "आता आम्ही त्यांना झोपवतोय."

"झोपवताय म्हणजे? उठणार आहेत का?"

डॉक्टरांनी खिडकीकडे बघितलं.

"तिकडे नका बघू. माझ्याकडे बघा. मरणार का माझे बाबा?"

"हो," डॉक्टर म्हणाले. "उद्यापर्यंत."

तेव्हा गुंगीची सुई जरा थांबवायला सांगून ती आत गेली. म्हणाली, "बाबा, तुम्ही मरताय." क्लॅरीने डोळे उघडले. म्हणाला, "ठाऊक आहे पोरी. बरं झालं कोणीतरी बोललं." मग रात्र होईपर्यंत दोघं बोलले. आईबद्दल, त्या चहाबद्दल. सुई नंतर दिली.

क्लॅरी मेला. झोपला नाही, मेला. मी एका डोळ्याने त्याची रिकामी खुर्ची बघितली आणि गार कोपऱ्यात जाऊन बसलो. नेव्ह कुंपणावरून डोकावला.

"रोंडा, म्हातारा गेला. हा आंधळा-पांगळा जीव कशाला सांभाळतेस? झोपवून टाक आता."

"कुठल्या अर्थानं, नेव्ह?"

नेव्हने कुंपणावरचं डोकं मागे घेतलं. मग तो घरात गेला.

तिला काही येत नव्हतं. तिने फ्रिजवाल्या बाईला विचारलं, डॉक्टरीणबाईंना विचारलं, लाज न बाळगता तेच तेच पुन्हा विचारलं. खाणं थांबवलं, कोमट पाणी केलं, काट्यावर ठेवलं. दिवा रोज थोडा कमी केला. त्याच पेटीत नवी वाळू घातली, खिळे मात्र उपटून फेकले. आणि झाकणावर लाल रंगाने मोठ्या अक्षरांत लिहिलं: झोपलाय. मेला नाही. पुरू नका.

मित्रांनो, जनावर पाळाल तर त्याची झोप आणि त्याचं मरण यातला फरक आधी शिका. शिकायचं नसेल तर दगड पाळा. आणि मेलं असेल तर मेलं म्हणा. गोड शब्दाने कोणी जिवंत होत नाही, पण जिवंत असलेला मातीत जाऊ शकतो. मी जाऊन आलोय.

आता ती दर आठवड्याला येते. झाकण उघडते, नाकावर थेंब सोडते आणि बापापेक्षा मोठ्याने विचारते, "जिवंत आहेस ना रे?"

मी खोल विहिरीच्या तळाशी असतो. तरी दोनातलं एक बोट हलवतो.