दोन ताऱ्यांचं मशीन

"आई, लाइट गेली का परत?"

"व्हय, गेली हुती. आत्ता आली बघ."

"बटण दाब मग. हिरवा दिवा लागला?"

"लागला. तू जेवलास का?"

समर्थ जेवला होता. जर्मनीत थंडी फार होती, सर्दी झाली होती, आता बरी होती. एवढं सगळं काढून घेतल्यावर कंपनीच्या कॅन्टीनमधून पोळ्या लाटून आलेल्या सुभद्राबाई समाधानाने भाजी निवडायला बसल्या.

संत तुकाराम नगरातल्या त्या दोन खोल्यांत लेकाने जर्मनीला शिकायला जाताना एक मशीन ठेवलं होतं. त्यात त्याने स्वतः लिहिलेलं सॉफ्टवेअर रात्रंदिवस चाले. एकमेकांभोवती फिरणारे दोन तारे; एक दुसऱ्याचा वायू ओढून घेतो, त्या वायूची तबकडी त्याच्याभोवती गरगरत राहते, त्याचं म्हणे गणित. बाईंना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. एक मात्र पक्कं कळलं होतं. मशीन बंद पडलं की तिकडे लेकाला कळतं आणि लेक फोन करतो. एरवी महिना महिना त्याला आई आठवत नसे.

मग काय, फारच आठवण आली की बाई मेन स्विच पाडायच्या. बॅटरी बसवून घे असं त्याने म्हटलं की आज-उद्या करायच्या. लेकाचा आवाज तेवढा कानी पडायचा.

त्या रविवारी त्याने आपणहून फोन केला. बाई हरखल्या.

"आई, सुटलीस तू. घरी सारखी लाइट जाते, गणित मागे पडतं, असं सरांना सांगितलं. त्यांनी इथल्या मोठ्या मशीनवर जागा दिली. घरचं स्वरूपा घेऊन जाईल."

"ऱ्हाऊ दे की हितंच. मला काय जड झालंय?"

"कशाला तुला त्रास?"

बाई "बरं" म्हणाल्या. आपल्याच हाताने आपण हे करून बसलो, हे त्यांना कळून चुकलं.

स्वरूपा समर्थच्या ताथवड्याच्या कॉलेजातली, शेजारच्याच बिल्डिंगमध्ये राहणारी. वायरी गुंडाळता गुंडाळता म्हणाली, "काकू, आमची लाइट तर कधी जात नाही. तुमचीच कशी जाते?"

बाई पदराने मशीनवरची धूळ पुसू लागल्या. धूळ नव्हतीच, तरी पुसली. पोरीने त्यांच्याकडे एकवार पाहिलं आणि उरलेल्या वायरी पिशवीत भरल्या.

जिन्यापर्यंत बाई तिच्यामागे गेल्या.

"त्याला सांग, अजून काई सांभाळायचं आसंल तर माज्याकडंच ठेव म्हणावं. माजी शिफ्ट दुपारीच सुटती."

"सांगते, काकू."

"सारखं बिघडणारं आसलं तरी चालंल."