अस्सलबरहुकूम

"साथ?" राजानंदांनी विचारलं.

हातातली निमंत्रणपत्रिका त्यांनी चष्म्याजवळ नेली, मग लांब धरली, मग उलटी करून मागची कोरी बाजूही पाहिली. अंबडच्या कोर्टात एकतीस वर्षं टंकलेखक म्हणून काढलेला माणूस मागची बाजू पाहिल्याशिवाय कुठल्याही कागदावर विश्वास ठेवत नाही.

पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात व्हायोलिनपुढे आकांक्षाचं नाव होतं, चेलोपुढे राधेश्यामचं. त्याखाली, औषधाच्या बाटलीवर मुदत छापतात तेवढ्या अक्षरात, 'पियानो साथ: राजानंद' असं होतं.

"कागद बघा न कसा गुळगुळीत हाय," कलामंडळाचे अध्यक्ष सोमेश्वर म्हणाले. त्यांचा जालन्यात लोखंडी सळयांचा धंदा होता. स्वभावही सळईसारखाच, सरळ आणि वाकवायचा तर भट्टी पेटवावी लागेल असा.

"कागद बराबर हाय, शेठ. शब्द चुकला. मी साथ करून न्हाई राह्यलो."

"मंग काय करून राह्यले?"

"वाजवून राह्यलो."

सोमेश्वर मनापासून हसले. मंडळाच्या बावीस वर्षांत गाणारा मध्ये, तबला उजवीकडे आणि पेटी डावीकडे बसत आली होती. पियानो ही त्यांच्या हिशेबी उभी राहिलेली पेटी होती.

"पाचशे छापल्या, राजाभाऊ. वाटून बी झाल्या. पुढच्या टायमाला बिलकुल दुरुस्त करू."

पुढचा टाइम येणार नव्हता, हे दोघांनाही ठाऊक होतं. व्हायोलिन, चेलो आणि पियानो यांच्यासाठी लिहिलेली ही त्रयी वाजवायला पुण्याहून येणारा पियानोवाला ऐनवेळी मुंबईच्या कार्यक्रमाला गेला होता. जालना जिल्ह्यात पियानोची स्वरलिपी वाचणारा दुसरा माणूस सापडला नाही, म्हणून राजानंद सापडले.

तेवढ्यात आकांक्षाने पिशवीतून बारा पानं काढली. ही जालन्याचीच मुलगी. शिकायला पुण्याला गेली आणि व्हायोलिन घेऊन परत आली, त्यामुळे तिच्या घरचे अजून थोडे गोंधळलेले होते.

"काका, तुमच्यासाठी सोपं करून आणलंय. अवघड जागा काढून टाकल्यात. तुम्ही नुसते आधाराचे सूर धरा, वरचं आम्ही दोघं सांभाळतो."

"मूळ किती पानांचं हाय?"

"बेचाळीस. पण काका, ते खरंच फार अवघड आहे. पुण्यातही लोक घाबरतात. आणि आपल्याकडे तीनच आठवडे आहेत."

राजानंदांनी ती बारा पानं नीट जुळवून, टाचणी लावून तिला परत केली.

"पोरी, मी एकतीस वर्षं साक्षी टाइप केल्या. साक्षीचा सारांश चालत न्हाई. साक्षीदार खोकला त् 'खोकला' असं लिवावं लागतं. मूळ दे."

कोपऱ्यात चेलो घेऊन बसलेला राधेश्याम संभाजीनगरहून येई आणि दिवसाकाठी एखादाच शब्द बोले. आजचा त्याने तिथेच खर्च केला. "बराबर," तो म्हणाला.

कार्यक्रम व्हायचा होता त्या जालन्यातल्या जुन्या मिशनच्या हॉलमधला पियानो राजानंदांनी पहिल्यांदा ऐकला तो फडक्यातून. त्यांची आई मालनबाई मिशनच्या वसतिगृहात आया होती. पियानो रोज पुसायचा आणि आवाज न करता पुसायचा, असा तिथल्या गोऱ्या मिसबाईंचा हुकूम होता. मिसबाई जेवायला गेल्या की मालनबाई दार लोटून घेई आणि डावीकडून उजवीकडे एकेक पट्टी दाबून, वाजवून पुसत जाई. घोगऱ्या सुरांपासून किरट्या सुरांपर्यंत सगळ्या. शेवटची पट्टी मुकी होती, तिच्यातून नुसतंच टक व्हायचं.

"आये, ती वाजत न्हाई, मंग कामून पुसती?" सात वर्षांच्या राजानंदने स्टुलाखालून विचारलं होतं.

"वाजत न्हाई म्हून तिच्यावर धूळ बसायची राह्यती का?"

एक दिवस मिसबाई जेवण अर्धं टाकून परत आल्या. त्यांनी मालनबाईला रागावून घेतलं आणि पोराला स्टुलाखालून काढून स्टुलावर बसवलं. शिक्षा एकीला, शिकवणी दुसऱ्याला. मालनबाईला हा निकाल मान्य होता. ती पुढेही वाजवूनच पुसत राहिली.

शिकवणी दहा वर्षं चालली. मग मिसबाई त्यांच्या देशाला गेल्या आणि राजानंद टायपिंगच्या परीक्षेला. दर रविवारी अंबडहून येऊन ते तास-दीड तास वाजवत. ऐकायला कोणी नसे. चौकीदार असे, पण तो किल्ली देऊन झोपत असे.

आता ते रोज पहिल्या एसटीने जालन्याला येऊ लागले. हॉलमध्ये नऊ वाजता शिवणक्लास भरे, तोवर पियानो त्यांचा. उरलेला सराव बसमध्ये, मांडीवरच्या पिशवीवर. तिसऱ्या दिवशी शेजारच्या सीटवरच्या पागोटेवाल्या म्हाताऱ्याला राहवलं नाही.

"पाव्हणं, हातात वारं शिरलं का?"

"न्हाई, बाबा. सराव करून राह्यलो."

"माझ्या साडूला बी असंच झाल्तं. पह्यलं बोटं हालली, मंग मान. एरंडाचं तेल लावा, गरम करून."

म्हाताऱ्याचं नाव पुंजाराम. पुढे रोज भेटू लागला आणि रोज बोटं तपासू लागला. बोटं दिवसेंदिवस अधिकच वेगाने हलत होती. पुंजारामाचा तेलावरचा विश्वास डळमळू लागला.

अवघड पानांना राजानंदांनी कलमं लावली होती. पान अकरा, कलम तीनशे तेवीस, साधी दुखापत. पान सव्वीस, कलम तीनशे सव्वीस, गंभीर दुखापत. पान अडतीसवर उजव्या हाताला सुरांचा लोंढा होता आणि डाव्याला हरणासारख्या उड्या. ते कलम तीनशे दोन. हे आकडे जुन्या कायद्यातले; सरकारने कायदाच बदलला, सगळ्या कलमांचे आकडे नवे आले. पान अडतीस होतं तसंच राहिलं.

दुसऱ्या आठवड्यात तिघं एकत्र बसले. दोनदा वाजवून झाल्यावर आकांक्षा जरा घुटमळली.

"काका, राग मानू नका. सूर सगळे बरोबर येताहेत. पण दर थोड्या वेळाने तुम्ही किंचित थांबता. आम्ही पुढे जातो, तुम्ही मागे राहता."

"कुठं?"

तिने पेन्सिलीने खुणा केल्या. राजानंदांनी पाहिलं. सगळ्या खुणा ओळींच्या टोकाला होत्या. एकही मध्ये नव्हती.

त्यांनी पुन्हा वाजवलं आणि या वेळी स्वतःच्या डाव्या हाताकडे पाहिलं. ओळ संपली की तो हात बोटभर वर उचलला जाई, डावीकडून काहीतरी उजवीकडे ढकलल्यासारखं करी आणि मग कामाला लागे. टाइपरायटरची ओळ संपली की टिंग व्हायचं आणि डाव्या हाताने दांडी ढकलून कॅरेज परत आणायचं. कोर्टात कॉम्प्युटर येऊन पंधरा-सोळा वर्षं झाली होती. हाताला कोणी परिपत्रक पाठवलं नव्हतं.

"सवय मोडता येईल का?" आकांक्षाने विचारलं. "नाहीतर, काका, ती बारा पानं अजून माझ्याकडे आहेत."

"असू दे तुझ्याकडंच."

पाच दिवस त्यांनी हाताला समजावलं, दटावलं. पंचशीलाबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, शेजारी बसून ओळीच्या टोकाला फूटपट्टीने हात दाबूनही पाहिला. हात फूटपट्टीसकट वर उचलला गेला.

"न्हाई ऐकायचा त्यो," त्या म्हणाल्या. "तुमचाच हाय."

सहाव्या दिवशी राजानंद बाजारातून कोर्टाच्या कामाचा लांबट हिरवा कागद आणि आखणीचा पेन घेऊन आले.

"ह्ये काय आता?"

"हात दर वळीला उचलणारच ना? उचलू दे. पण वळ कुठं संपवायची, ह्ये मी ठरवीन."

डाव्या हाताला जिथे मुळातच विसावा होता, तिथेच प्रत्येक ओळ संपेल अशी त्यांनी अख्खी वही नव्याने उतरवायला घेतली. सकाळी पियानो, दुपारी नक्कल. काही ओळी वीतभर झाल्या, काही कागद आडवा करूनही मावेनात, तिथे खाली पट्टी चिकटवली. बेचाळीस पानांची एकसष्ट झाली. एकही सूर गाळला नाही.

मग रुजवात. कोर्टात नक्कल एकाने केली की दुसऱ्याने मुळाशी ताडून पाहायची असते. पंचशीलाबाईंना स्वरलिपी येत नव्हती, पण तीस वर्षं अंगणवाडीत पोरं मोजलेल्या बाईला ठिपके मोजायला कोण शिकवणार? एका हाताचं बोट मुळावर आणि दुसऱ्याचं नकलेवर ठेवून त्या दोन दुपारी पुटपुटत राहिल्या.

"अडतीस नंबरात एक ठिपका कमी हाय."

"न्हाई होऊ शकत."

"मोजा तुम्हीच."

राजानंदांनी मोजलं. कमी होता. तीनशे दोनमधला एक सूर त्यांनी खाल्ला होता. मान खाली घालून त्यांनी तो भरला आणि नक्कल मुळासारखी तंतोतंत आहे अशी ग्वाही म्हणून शेवटच्या पानावर कोर्टाच्या अक्षरात लिहिलं: 'अस्सलबरहुकूम नक्कल. नक्कल करणार: राजानंद. रुजवात घेणार: पंचशीला.'

सही करताना त्यांनी विचारलं, "येशील का पानं उलटायला?"

"मला कळंल का कव्हा उलटायचं?"

"मी मान हालवीन."

"तुम्ही त् ग्वाड लागलं तरी मान हालवता."

शेवटी प्रत्येक पानाच्या टोकाला त्यांनी लाल शाईचा टिळा लावला. डावा हात उचलला की एक ओळ संपली, आणि टिळ्याच्या ओळीला उचलला की पान उलटायचं.

कार्यक्रम रविवारी सकाळी साडेदहाला होता. हॉल भरला. बियाण्याच्या कंपन्यांतली माणसं, शाळांमधले शिक्षक आणि मंडळाचे आजीव सभासद आले होते. आजीव सभासद भाषणाला झोपतात आणि टाळ्यांना जागे होतात. तिसऱ्या रांगेत पुंजाराम होता. त्याला तेलाचा परिणाम पाहायचा होता.

सोमेश्वरांनी माइक घेतला. मंडळाची रीत ठरलेली होती, सत्कार आधी. आकांक्षाला शाल आणि श्रीफळ. राधेश्यामला शाल आणि श्रीफळ. "आणि साथीला आहेत आपल्या अंबडचे राजानंदजी." त्यांना गुलाबाचं एक फूल. साथीदाराला फूलच देतात.

राजानंदांनी फूल घेतलं, वास घेतला आणि मागे बसलेल्या पंचशीलाबाईंकडे दिलं. मग सोमेश्वरांच्या हातातला माइक इतक्या सहज काढून घेतला की सोमेश्वरांनीच तो दिला असं लोकांना वाटलं.

"नोंदीत एक दुरुस्ती हाय," ते म्हणाले. "पत्रिकेत 'साथ' असा शब्द पडला. ह्ये तिघांचं वाजवणं हाय. कुनी कुनाच्या साथीला न्हाई, किंवा मंग तिघं बी तिघांच्या साथीला हायेत. तेवढा शब्द खोडावा."

सोमेश्वर हलक्या आवाजात म्हणाले, "राजाभाऊ, जल्दी सुरू करा, लोक बसलेत."

"शब्द खोडा, मंग सुरू. पह्यली वळ माझीच हाय. मी बसलो त् सगळेच बसतील."

आणि ते खरोखर स्टुलावर बसले, हात मांडीवर ठेवून. आकांक्षाने व्हायोलिन खांद्यावरून खाली घेतलं. राधेश्यामने चेलोचा गज मांडीवर ठेवला. एकसष्ट पानं समोर उभी होती.

सोमेश्वरांनी तिघांकडे पाहिलं, हॉलकडे पाहिलं. मग खिशातून पेन काढलं, स्वतःच्या हातातल्या पत्रिकेवर एक शब्द खोडला आणि माइकवर म्हणाले, "पियानो, राजानंद."

"बराबर," राधेश्याम म्हणाला.

पस्तीस मिनिटं वाजलं. तीनशे तेवीस पार पडलं, तीनशे सव्वीस पार पडलं. ओळ संपली की डावा हात बोटभर वर उचलला जाई, आणि संगीतालाही नेमकं तेच हवं असे. तीनशे दोन आलं तेव्हा पंचशीलाबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. लोंढा आला, उड्या आल्या. दोन सूर हातून निसटले. नकलेत ते होते. तिघं एकाच वेळी पलीकडे पोचले.

टाळ्यांनी आजीव सभासद जागे झाले. पुंजाराम शेजारच्याला म्हणाला, "ह्ये वारं न्हाई. ह्ये दुसरंच काही हाय."

लोक चहाला व्हरांड्यात गेले तेव्हा सोमेश्वर लगबगीने आत आले. त्यांच्या हातात शाल होती, पुढच्या महिन्याच्या पाहुण्यासाठी आणून ठेवलेली. ती त्यांनी दोन्ही हातांनी पुढे केली. बोलायला शब्द नव्हता, आणि होता तो त्यांनी मघाशीच खोडला होता.

"पियानोवर टाका," राजानंद म्हणाले. "त्याचा सत्कार कव्हाच झाला न्हाई."

सोमेश्वरांनी टाकली. सळई वाकते तेव्हा आवाज होत नाही.

मग राजानंदांनी पिशवीतून पिवळं फडकं काढलं आणि डाव्या टोकाला उभे राहिले. एकेक पट्टी दाबून, वाजवून, ते पुसत निघाले. व्हरांड्यात कपबश्यांचा आवाज थांबला. चहाचा कप हातात घेऊन लोक दारापर्यंत आले आणि तिथेच थांबले. घोगऱ्या सुरांपासून किरट्यांपर्यंत, घाई न करता, एकही न गाळता. शेवटची पट्टी आली. टक.

तीही त्यांनी पुसली.